विद्यार्थ्यांचा संशोधन-निबंध

माध्यमिक शाळेंतील कोणत्याहि मुलाची निबंधाची वही उघडून पाहावी. तींत वर्षानुवर्षें तेच विषय भेटतात. पावसाळ्यांतील एक दिवस, माझा आवडता पुढारी, विज्ञान शाप कीं वरदान, फुटक्या छत्रीचें आत्मवृत्त. या विषयांची थट्टा करण्याचें कारण नाहीं. भाषेला वळण लागावें, शब्द हाताशीं यावे, वाक्य डौलानें उभें राहावें, एवढ्यासाठीं ते योजिलेले असतात आणि तें काम ते बऱ्यापैकीं करितात. परंतु या सर्व निबंधांत एक गोष्ट समान असते. ते लिहिण्यासाठीं मुलाला बसल्या जागेवरून उठावें लागत नाहीं. कांहीं मोजावें लागत नाहीं, कोणास विचारावें लागत नाहीं, आणि लिहिलेलें खरें कीं खोटें असा प्रश्नहि कोणी करीत नाहीं. फुटक्या छत्रीनें आपला जन्म मुंबईस झाला म्हणून सांगितलें काय आणि पुण्यास झाला म्हणून सांगितलें काय, गुण तेवढेच पडतात.

संशोधन-निबंधाची गोष्ट अगदीं निराळी आहे. त्यांत प्रत्येक विधानामागें "हें कशावरून?" असा प्रश्न दारवानासारखा उभा असतो. निबंध चार पानांचा कां असेना. ज्या लेखनांत मुलानें स्वतः एक प्रश्न धरिला, त्याच्या उत्तरासाठीं पुरावा मिळविला, तो पारखून घेतला, आणि आपलें ज्ञान कोठें संपतें हें प्रामाणिकपणें सांगितलें, तें लेखन संशोधनाच्या जातीचें होय. असें लेखन नववी-दहावीच्या मुलांस शिकवितां येतें काय, आणि येत असल्यास तें कसें शिकवावें, एवढाच या भाषणाचा विषय आहे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. संशोधन हें विद्यापीठांतील पंडितांचें काम. पोरासोरांचा तेथें काय संबंध? महाराष्ट्रांत तरी हा आक्षेप शोभत नाहीं. येथील इतिहास-संशोधनाची उभारणी मोठ्या पगाराच्या आसनांवर बसून झालेली नाहीं. ती पायपिटीनें झालेली आहे. विश्वनाथ काशीनाथ राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढें ती माला बावीस खंडांपर्यंत गेली. त्यासाठीं ते गांवोगांव हिंडले, जुन्या घराण्यांतील दप्तरें त्यांनीं सोडविलीं, आणि कित्येक कागद वाळवीच्या तोंडांतून वांचविले. १९१० सालीं पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालें, तेव्हांपासून एखाद्या जुन्या कागदावरचें लहानसें टिपणहि तेथें वाचलें व छापलें जाऊं लागलें. टिपणाचा कर्ता किती विद्वान आहे यापेक्षां कागद अस्सल आहे कीं नाहीं, आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष त्यांतून निघतो कीं नाहीं, याला तेथें किंमत होती. ही वृत्ति चौदा वर्षांच्या मुलालाहि समजते. किंबहुना शंका विचारण्याची हौस त्या वयांत जितकी असते तितकी पुढें राहत नाहीं.

पुरावा म्हणजे काय हें मुलांस सांगावयाचें झाल्यास शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीच्या वादाइतकें सोयीचें उदाहरण नाहीं. एके काळीं १६२७ हें जन्मवर्ष सर्वत्र धरलें जाई, कारण उत्तरकालीन बखरी तसें सांगत होत्या. १९०० सालीं लोकमान्य टिळकांनीं 'केसरी'त या तिथीची चर्चा केली. पुढें कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यांतील शकावली त्यांच्या हातीं आली व ती १९१६ सालीं प्रसिद्ध झाली. तींत जन्मतिथि फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, अशी निघाली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या काव्यांतहि तीच तिथि आढळली. महाराष्ट्र शासनानें १९ फेब्रुवारी ही तारीख स्वीकारण्यास मात्र २००१ साल उजाडावें लागलें. या एका वादांत मुलांस किती गोष्टी दाखवितां येतात! शंभर पुस्तकांनीं एकच गोष्ट सांगितली म्हणून शंभर पुरावे होत नाहींत. त्या सर्वांनीं एकाच जुन्या पुस्तकावरून उतरून घेतलें असेल तर तो पुरावा एकच. घटनेच्या जवळचा कागद दूरच्या कागदाहून अधिक मोलाचा. परस्परांपासून स्वतंत्र असे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगूं लागले म्हणजे खात्री वाढते. आणि रूढ झालेलें मत सोडणें हें विद्वानांसहि जड जातें.

आतां हें शिक्षण पिंपरी-चिंचवड आणि चाकण या औद्योगिक पट्ट्यांतील शाळांत कसें द्यावें याचा विचार करूं जातां, प्रथम त्या प्रदेशाकडे पाहिलें पाहिजे. चिंचवड हें मोरया गोसावींच्या समाधिमंदिराचें आणि चापेकर बंधूंचें गांव. फाळणीनंतर पिंपरीस सिंधी निर्वासितांची वसाहत झाली. १९५४ सालीं तेथें हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना निघाला व पुढल्या वर्षीं पेनिसिलीन तयार होऊं लागलें. १९६२ सालीं महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गांवांच्या शेतांतून कारखान्यांच्या भिंती उठल्या. १९७० सालीं नगरपालिका झाली, १९८२ सालीं महानगरपालिका झाली. इंद्रायणीपलीकडचें चाकण हें कांद्याबटाट्याच्या बाजाराचें गांव. तेथेंहि पुढें मोटारींचे कारखाने आले. आज या पट्ट्यांतील एखाद्या वर्गांत शिरावें तर एका बाकावर मूळच्या शेतकऱ्याचा मुलगा, त्याच्या शेजारीं बीड-लातूरकडून आलेल्या कामगाराची मुलगी आणि मागच्या बाकावर बिहारांतून आलेलें मूल बसलेलें दिसतें.

अशा नगराचा इतिहास छापील पुस्तकांत थोडा आणि माणसांच्या स्मरणांत फार असतो. म्हणून संशोधन शिकविण्यास ही जागा गैरसोयीची तर नाहींच, उलट फार सोयीची आहे. जुन्या नगरांत बहुतेक विषयांवर कोणी तरी लिहून ठेविलेलें असतें व मुलगा तें उतरून काढतो. येथें उतरून काढावयास फारसें कांहीं नाहीं, शोधावेंच लागतें. ज्या जमिनीवर आज कारखाना उभा आहे तेथें पूर्वीं कोणतें पीक होतें, हें सांगणारी आजी अजून ओसरीवर बसलेली आहे. ती आहे तोंवर तिला विचारणारें कोणी तरी हवें.

पहिली अडचण येते ती प्रश्न निवडण्याची. मुलांस विषय विचारला तर तीं "प्रदूषण", "औद्योगिकीकरण", "छत्रपतींचे किल्ले" अशीं भलीं मोठीं नांवें सांगतात. एवढा विषय पाठीवर घेतला म्हणजे मूल वांकतें आणि कोठल्या तरी पुस्तकाचा आधार घेऊन सुटका करून घेतें. नक्कल करण्याचें मूळ पुष्कळदां आळसांत नसतें. तें विषयाच्या अवास्तव आकारांत असतें. तेव्हां शिक्षकाचें पहिलें काम म्हणजे विषय छाटून त्याचा प्रश्न करणें. चांगल्या प्रश्नाच्या तीन कसोट्या सांगतां येतील. त्याचें उत्तर सहा-आठ आठवड्यांत, पायीं किंवा बसनें जाऊन, हाताशीं असलेल्या साधनांनीं शोधतां यावें. त्याचें उत्तर आज ठाऊक नसावें. आणि तें उत्तर दोन्ही बाजूंनीं लागूं शकेल असें असावें. "आमच्या गल्लींतील चाळीस कुटुंबें कोठून व कोणत्या सालीं आलीं?" हा प्रश्न आहे. "चिंच आणि वड यांवरून चिंचवड हें नांव पडलें असें सांगतात, जुन्या कागदांत तें नांव कसें लिहिलेलें आढळतें?" हाहि प्रश्न आहे. मोरया गोसावींच्या कालाविषयीं ग्रंथकारांत एकमत नाहीं. कोणता ग्रंथ कोणत्या आधारावर कोणता काल देतो याचें कोष्टक करणें, हें तर दहावीच्या मुलाला सहज झेपणारें आणि मोठ्यांनाहि उपयोगी पडणारें काम आहे.

चाकणच्या मुलांसाठीं एक प्रश्न त्यांच्या दाराशींच पडलेला आहे. १६६० सालीं शायिस्तेखानानें संग्रामदुर्गास वेढा घातला आणि किल्लेदार फिरंगोजी नरसाळा यानें तो भुईकोट फार शौर्यानें लढविला, ही कथा तेथील प्रत्येक मुलास ठाऊक असते. पण वेढा किती दिवस चालला? एका पुस्तकांत चोपन्न दिवस, दुसऱ्यांत पंचावन्न, तिसऱ्यांत छप्पन. सामान्य विद्यार्थी यांतील एक आंकडा उचलतो आणि पुढें जातो. त्याहून थोडा हुशार विद्यार्थी ग्रंथकारांत मतभेद आहे असें लिहून थांबतो. संशोधन शिकलेला विद्यार्थी मात्र पंचांग उघडल्याप्रमाणें दिवस मोजूं लागतो. सर जदुनाथ सरकार यांच्या १९१९ सालीं निघालेल्या शिवचरित्रांत मोगलांची फौज २१ जूनला चाकणास पोंचली, १४ ऑगस्टला सुरुंग उडाला आणि १५ ऑगस्टला पुन्हां हल्ला होऊन कोट पडला, असा क्रम आहे. २१ जूनपासून १४ ऑगस्टपर्यंतचें अंतर चोपन्न दिवसांचें. पहिला दिवसहि गणतींत धरला तर पंचावन्न. कोट पडला तो दिवस शेवटचा मानला आणि पहिलाहि धरला तर छप्पन. म्हणजे तिन्ही आंकडे एकाच तारखांतून निघूं शकतात! भांडण इतिहासाचें नसून मोजण्याच्या रीतीचें असूं शकेल, हें ज्या मुलास स्वतःच्या बोटांवर मोजून उमगलें, त्याला जो आनंद होतो तो कोणत्याहि बक्षिसानें होत नाहीं. अर्थात् प्रत्येक ग्रंथकारानें असेंच मोजलें असेल असें त्यानें लिहूं नये. "असें असण्याचा संभव आहे" एवढेंच त्यानें लिहावें, आणि तें ताडून पाहण्यासाठीं कोणता ग्रंथ पाहावा लागेल तेंहि सांगावें.

प्रश्न ठरल्यावर टिपणांची पाळी येते. येथेंच निबंध घडतो किंवा बिघडतो. जुनी रीत अजूनहि उत्तम आहे. पोस्टकार्डाएवढ्या कागदाच्या चिठ्ठ्या कराव्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट लिहावी. कोपऱ्यांत पुस्तकाचें नांव, छापल्याचें साल व पानाचा आंकडा घालावा. ग्रंथकाराचे शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर त्यांस अवतरणचिन्हें घालावीं, आणि आपल्या शब्दांत मतलब घेतला असेल तर तसें लिहावें. ही शिस्त पहिल्या दिवशीं न लागली तर महिन्यानंतर स्वतःचें कोणतें आणि परक्याचें कोणतें हें मुलालाच कळेनासें होतें व तो नकळत चोर ठरतो. पुणें जिल्ह्याचें जुनें गॅझेटिअर १८८५ सालीं निघालें. चिंचवड, चाकण यांच्यासंबंधीं त्यांत काय लिहिलें आहे, तें एकदां मुलांकडून शोधवून घ्यावें. सूची कशी पाहावी आणि पान कसें नोंदवावें, हें दोन तासांत अंगवळणीं पडतें.

माणसांकडून माहिती घ्यावयाची तर त्याची रीत निराळी. सांगणाऱ्याचें वय काय, ज्या गोष्टी तो सांगतो त्या त्यानें स्वतः पाहिल्या कीं ऐकल्या, आणि त्याचा त्यांत कांहीं स्वार्थ आहे काय, हें मुलानें मनाशीं नोंदवावें. मुलाखतीपूर्वीं परवानगी घ्यावी. पगार, कर्ज, घरांतील कलह असले प्रश्न विचारूं नयेत. सांगणाऱ्याची इच्छा नसेल तर निबंधांत त्याचें नांव घालूं नये. कारखान्याच्या पट्ट्यांत हें विशेष जपलें पाहिजे, कारण एखाद्याच्या बोलण्यानें त्याच्या नोकरीस धक्का लागण्याचा संभव असतो. ज्ञान मिळवितांना दुसऱ्याचें नुकसान होऊं द्यावयाचें नाहीं, हा धडा मुलास वेळींच मिळालेला बरा.

मग लेखन. येथें निबंधाच्या वहीनें लावलेली कांहीं वळणें मोडावीं लागतात. "पवनामाईचें अमृततुल्य जल आज विषसमान झालें आहे" हें वाक्य वर्गांत टाळ्या घेतें; पण त्यांत कोठलें जल, कोणत्या दिवसाचें, कोणीं तपासलें, यांपैकीं एकाहि प्रश्नाचें उत्तर नाहीं. त्याऐवजीं, अमक्या दिवशीं अमक्या वाजतां दापोडीजवळ घेतलेल्या तीन नमुन्यांत विरघळलेला प्राणवायु इतका भरला, असें साधें वाक्य लिहिण्यास मुलास फार जिवावर येतें. आपलें लेखन एकाएकीं दरिद्री झालें असें त्यास वाटतें. शिक्षकानें त्यास धीर द्यावा. विशेषणें गेलीं म्हणून वाक्य दरिद्री होत नाहीं; त्यांत माहिती आली म्हणजे तें श्रीमंतच होतें. क्रमहि साधा ठेवावा: प्रश्न कोणता, त्याविषयीं पूर्वीं कोणीं काय म्हटलें, आपण काय केलें, काय आढळलें, त्याचा अर्थ काय, आणि आपल्या कामांत कच्चेपणा कोठें राहिला. "निश्चित", "बहुधा" आणि "कदाचित्" हे तीन शब्द सोनाराच्या वजनांप्रमाणें आहेत. ते जपून व जागच्या जागीं वापरावयास शिकविणें हें भाषेच्या शिक्षकाचेंच काम आहे.

परंतु या सर्व कसबापेक्षां मोठी अशी एक परीक्षा मधेंच येऊन उभी राहते, आणि तिच्याविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. समजा, चार मुलींच्या एका गटानें पवना नदीचा प्रश्न घेतला. रावेतच्या बंधाऱ्यापाशीं, जेथून नगराला पाणी उचलतात, आणि दापोडीपाशीं, जेथें पवना मुळेला मिळते, अशा दोन ठिकाणीं पाणी तपासावयाचें. मधें सारें नगर पडतें. तेव्हां खालच्या बाजूस प्राणवायु कमी भरणार, हें अनुमान सर्वांनीं आधींच बांधलेलें. बाटलींत जागच्या जागीं रसायन घालून नमुना पक्का केला, शाळेंत येऊन मोजणी केली, आणि उत्तर उलटें आलें: दापोडीस प्राणवायु अधिक! प्रदर्शन आठ दिवसांवर. तक्ते रंगवून झालेले. आंकडे बदलले तर कोणास कळणार आहे? "तुमचें कांहीं तरी चुकलें असेल, दुरुस्त करून घ्या," एवढें एक वाक्य शिक्षकाच्या तोंडून निघालें कीं त्या चार मुली जन्मभर लक्षांत ठेवतील असा धडा शिकतील, आणि तो धडा असा कीं सत्य हें प्रदर्शनाच्या सोयीनें बदलावयाचें असतें.

चांगला शिक्षक अशा वेळीं वही मागवितो. वहींत नमुन्यांची वेळ लिहिलेली असते. रावेतचा नमुना सकाळीं सात वाजतां घेतलेला, आणि बस उशिरां मिळाल्यामुळें दापोडीचा दुपारीं साडेबाराला. येथेंच गांठ सुटूं लागते. पाण्यांत शेवाळ असलें म्हणजे दिवसाच्या उजेडांत तें प्राणवायु सोडतें; रात्रीं तो सोडणें थांबतें आणि खर्च मात्र चालूच राहतो. म्हणून अशा पाण्यांत पहाटे प्राणवायु कमी आणि दुपारीं अधिक भरूं शकतो. घाण पाणी दुपारीं चांगल्या पाण्याचें सोंग घेऊं शकतें! मुलींनीं नद्यांची तुलना केली असें त्यांस वाटत होतें. वास्तविक त्यांनीं सकाळ आणि दुपार यांचीहि तुलना केली होती. आतां दोन वाटा उरतात. वेळ असल्यास दोन्ही ठिकाणीं एकाच वेळीं पुन्हां नमुने घ्यावे. नसल्यास मिळालेले आंकडे आहेत तसे मांडून, त्यांवरून निष्कर्ष कां काढतां येत नाहीं, हें लिहावें. दुसऱ्या वाटेनें गेलेल्या निबंधास कदाचित् बक्षीस मिळणार नाहीं. पण संशोधन म्हणजे काय हें त्या चौघींस जितकें समजलें तितकें पहिल्या क्रमांकाच्या तक्त्यापुढें उभ्या असलेल्या मुलांस समजलें असेलच असें नाहीं.

हीच गोष्ट या पट्ट्यांतील मुलांस त्यांच्या वडिलांच्या कामावरून फार सोपी करून सांगतां येते. कारखान्यांत तयार झालेला सुटा भाग तपासनिसाच्या हातीं येतो. तो मायक्रोमीटर लावून मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शापर्यंत माप घेतो, तें नोंदवितो, आणि माप मर्यादेबाहेर गेलें तर तो भाग लाल पेटींत टाकतो. भाग दिसावयास चकचकीत आहे, पाळी संपत आली आहे, वरिष्ठांची घाई आहे, यांपैकीं कोणतीहि सबब त्या पेटीपुढें चालूं नये असा नियम असतो. कारण तो भाग उद्यां कोणाच्या तरी मोटारीच्या गतिरोधकांत बसणार असतो. ज्या मुलाचा बाप दिवसभर असें मोजून येतो, त्या मुलानें शाळेंत "अंदाजे", "सुमारें" आणि "असें म्हणतात" यांवर पानें भरावीं हें चमत्कारिक नव्हे काय? निबंधालाहि एक लाल पेटी हवी. वाक्य कितीहि चकचकीत असलें तरी ज्याला पुरावा नाहीं तें तींत टाकतां आलें पाहिजे.

आतां घराविषयीं दोन शब्द. सुशिक्षित घरांत मुलाच्या प्रकल्पाची रात्र ही बहुधा आईची जागरणाची रात्र असते. वडील आंकडे काढतात, आई तक्ता रंगविते, आणि मूल झोपीं जातें. बाजारांत तर तयार प्रकल्पच विकत मिळतात. आणि अलीकडे संगणकास प्रश्न घातला कीं तो क्षणांत गुळगुळीत निबंध लिहून देतो. त्या यंत्राचा द्वेष करण्यांत अर्थ नाहीं. कोश, सूची आणि भाषांतर यांसाठीं त्याचा उपयोग आहे. परंतु तें कधीं कधीं अस्तित्वांतच नसलेल्या पुस्तकाचें नांव आणि पान तितक्याच आत्मविश्वासानें सांगतें, हें मुलांस प्रत्यक्ष दाखवावें. यंत्रानें सांगितलेला प्रत्येक आधार ग्रंथालयांत जाऊन शोधण्याचें काम एकदां दिलें म्हणजे पुढचा उपदेश करावा लागत नाहीं. शिवाय, चाकणच्या आजीनें काल संध्याकाळीं ओसरीवर काय सांगितलें, किंवा दापोडीच्या बाटलींत आज काय भरलें, हें कोणत्याहि यंत्रास ठाऊक नसतें. प्रश्न असा निवडावा कीं त्याचें उत्तर पायांनीं चालूनच मिळेल. मग नकलेची भीति निम्मी कमी होते.

पालकांनीं मदत करूंच नये असें नाहीं. मुलाबरोबर नदीवर जावें, त्याला बसमध्यें बसवून द्यावें, जुन्या शेजाऱ्याची ओळख करून द्यावी, आणि संध्याकाळीं जेवतांना त्यानें काय शोधलें तें ऐकून "हें कशावरून?" एवढें विचारावें. लेखणी मात्र त्याच्याच हातांत राहूं द्यावी. मुलाचें वांकडें अक्षर आणि अडखळती वाक्यें यांची लाज वाटून घेण्याचें कारण नाहीं. परक्याच्या सुंदर निबंधाखालीं मुलाची सही झाली, तर लाज तेथें वाटावी.

शिक्षकाची अडचणहि खरी आहे. एका वर्गांत साठ मुलें, वर परीक्षांचे पेपर, मोजणीचीं व निवडणुकीचीं कामें. साठ संशोधन-निबंध तपासावयाचे केव्हां? ही अडचण केवळ येथलीच नाहीं. अमेरिकेंत विल फिट्झह्यू नांवाच्या एका शाळामास्तरांनीं १९८७ सालीं 'द कॉन्कॉर्ड रिव्ह्यू' हें त्रैमासिक काढलें. त्यांत केवळ शाळेंतील विद्यार्थ्यांनीं इतिहासावर लिहिलेले संशोधन-निबंध छापले जातात. अशा निबंधांचें महत्त्व सर्व शिक्षक मान्य करितात, पण तपासण्यास वेळ नाहीं म्हणून लिहावयास मात्र देत नाहींत, असें गाऱ्हाणें तिकडेहि ऐकूं येतें. आपल्याकडे १९९३ पासून राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेच्या रूपानें दहा ते सतरा वर्षांच्या मुलांस स्थानिक प्रश्नांवर प्रकल्प करून अहवाल मांडण्याची संधि मिळूं लागली. मुंबईच्या विज्ञान-शिक्षकांच्या संघटनेनें चालविलेल्या डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेंतहि सहावी व नववीच्या निवडक मुलांस शेवटीं कृति-संशोधन करून दाखवावें लागतें. या गोष्टी चांगल्या आहेत. पण त्या निवडक मुलांपुरत्या राहतात. स्पर्धेस न जाणाऱ्या छप्पन मुलांचें काय?

त्यांच्यासाठीं एवढें करतां येईल. वर्षांतून एकच निबंध, चार-पांच पानांचा, तीन-चार मुलांच्या गटानें लिहिलेला. म्हणजे साठांऐवजीं पंधरा-वीस निबंध झाले. तो एकदम न मागतां टप्प्यांनीं मागावा: जूनमध्यें प्रश्न, ऑगस्टांत टिपणांच्या चिठ्ठ्या, दिवाळीनंतर कच्चा खर्डा, जानेवारींत पक्का लेख. गुण देतांना निम्मे गुण टिपणांस व नोंदवहीस द्यावे. नोंदवहीची नक्कल करणें निबंधाच्या नकलेपेक्षां फार अवघड असतें. आणि शेवटीं प्रत्येक गटास पांच मिनिटें समोर बसवून तोंडीं प्रश्न विचारावे. ज्यानें स्वतः शोधलें आहे त्याचे डोळे त्या पांच मिनिटांत चमकतात. ज्यानें उतरून आणलें आहे तो छताकडे पाहूं लागतो. झालेले निबंध फेंकून न देतां शाळेच्या ग्रंथालयांत वर्षवार बांधून ठेवावे. दहा वर्षांनीं त्या बांधलेल्या पुस्तकांत त्या गांवाचा असा इतिहास सांपडेल कीं जो दुसऱ्या कोणीं लिहून ठेविलेला नसेल. पुढच्या मुलांस "यापूर्वीं कोणीं काय म्हटलें" या सदराखालीं आपल्याच शाळेंतील थोरल्या भावंडांचीं नांवें लिहितां येतील.

यांतून किती संशोधक निघतील हा हिशेब करण्याचें प्रयोजन नाहीं. बहुतेक मुलें कारखान्यांत, कचेऱ्यांत, दुकानांत जातील. पण त्यांच्या कानांवर रोज नाना प्रकारच्या बातम्या, जाहिराती, अफवा आणि पुढाऱ्यांचीं आश्वासनें आदळणार आहेत. ज्यानें चौदाव्या वर्षीं एकदां तरी वेढ्याचे दिवस स्वतः मोजले, किंवा हवें तें उत्तर न आल्यावरहि आंकडा बदलला नाहीं, तो त्यांपुढें थोडा थबकेल आणि मनाशीं विचारील: हें कशावरून? नागरिकाच्या तोंडीं हा प्रश्न राहावा, एवढ्यासाठीं साऱ्या शालेय संशोधनाचा खटाटोप. निबंध पुढें रद्दींत गेला तरी चालेल. प्रश्न राहिला पाहिजे.